ठेक्याला डिस्टिंक्शन, शब्दांना एटीकेटी



गेल्या शनिवारी लेकीला मराठी शाळेत सोडायला निघालो होतो. गाडीत डॉ. ड्रेचा '२००१' चालू होता. मागच्या सीटवरून सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, हा काका बायकांना सारखं काय म्हणतोय?" मी पटकन बंद केलं. उत्तर अजून दिलेलं नाही.

नाव '२००१' असलं तरी हा अल्बम नोव्हेंबर १९९९ चा. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आम्ही तो ऐकला. शब्द डोक्यावरून जायचे, पोचायचा तो फक्त ठेका. आणि ठेका काय आहे राव! 'स्टिल डी.आर.ई.' मध्ये स्कॉट स्टॉर्चचे कीबोर्डवरचे तेच ते मोजके सूर, पण कंटाळा म्हणून येत नाही. 'द नेक्स्ट एपिसोड'ची सुरुवात डेव्हिड मॅकॅलमच्या १९६७ च्या 'द एज'मधून उचललेली, 'व्हॉट्स द डिफरन्स'मध्ये फ्रेंच गायक शार्ल अझ्नाव्हूर. प्रत्येक आवाजाला मोकळी जागा, जादा काही नाही. असा कोड आपल्याला लिहिता आला तर!

शब्दांचं काय? बढाई, बंदुका, गांजा, आणि बायकांना शिव्या. 'स्टिल डी.आर.ई.'चे शब्द जे-झीने लिहिलेत, पण ती माझी तक्रार नाही. आपले पार्श्वगायकही दुसऱ्याचेच शब्द गातात. तक्रार आहे ती काय म्हटलंय याबद्दल. कुणी म्हणेल, लावणीत काय कमी चावटपणा असतो? असतो ना! पण तिथे बाई बोलते, समोरच्याची फिरकी घेते. इथे तिला तोंडच नाही.

गंमत म्हणजे २००२ साली ड्रेच्याच आफ्टरमॅथ कंपनीच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' या गाण्यात डीजे क्विकने लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' वापरलं, तेही न विचारता. प्रकरण कोर्टात गेलं, बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय विक्री नाही, असा आदेश २००३ मध्ये निघाला. शब्दांचा अर्थ न कळता तिकडचे लोक लताबाईंच्या आवाजावर डोलले. आम्ही हॉस्टेलवर दुसरं काय करत होतो?

पूर्वी मी सरासरी काढायचो: संगीत ९५, शब्द २०, म्हणजे पास. पण आपल्या युनिव्हर्सिटीत असं कधी चाललंय का? प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागतं. उलट ठेका जितका भारी, तितका वाईट शब्द डोक्यात घट्ट बसतो. लेकीने नेमका तोच तर उचलला.

या अल्बमची नुसत्या संगीताची आवृत्तीही निघाली होती. आता गाडीत तीच लावतो. मूळ अल्बम मी टाकून देणार नाही, कारण तो मला आवडतो, हे कशाला लपवू? पण लेकीला उत्तर द्यायचं राहिलंय. ती एटीकेटी माझी.