रस्ता दारातला, बिल कुणाच्या नावावर?
घरपट्टीचा हिशेब : लेखांक ६

घरपट्टीचा विषय निघाला की देवळाली कॅम्पात पुढचे वाक्य रस्त्याचे येते. ‘एवढी पट्टी भरतो, मग गल्लीत खड्डे का?’ दोन मिनिटांत दुसरा कुणीतरी म्हणतो, ‘बोर्डाकडे पैसाच नाही. घरटी वर्गणी काढू आणि आपणच डांबर टाकून घेऊ.’ पहिले वाक्य तक्रारीचे. दुसऱ्यात मात्र करआकारणीचे एक आख्खे तत्त्व दडले आहे, बोलणाऱ्याला त्याची कल्पना नसली तरी. ज्यांच्या दारावरून रस्ता जातो त्यांच्याकडूनच त्याचा खर्च वसूल करायचा, हे जगात शंभर-दीडशे वर्षे चालले आहे. आपल्याकडच्या कायद्यांतही ते आहे. मागच्या आठवड्यात त्रैवार्षिक आकारणीची नोटीस कशी वाचायची ते पाहिले. आज ही दारापुढची पट्टी पाहू.

आधी गणित. समजा दीडशे मीटरची एक गल्ली आहे, काँक्रिटीकरण आणि बाजूचे गटार मिळून १२ लाख रुपये खर्च येतो, आणि दोन्ही बाजूंना मिळून २४ मिळकती आहेत. सरळ भागाकार केला तर प्रत्येकी ५० हजार. सोपे आहे आणि पहिल्याच बैठकीत मोडते, कारण एकाचा बंगला ३० मीटर रुंद असतो आणि दुसऱ्याचे घर सहा मीटरचे. म्हणून अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये रूढ झालेली पद्धत दर्शनी रुंदीची. दोन्ही बाजू मिळून ३०० मीटर दर्शनी लांबी, म्हणजे मीटरला चार हजार. बंगल्याला १ लाख २० हजार, छोट्या घराला २४ हजार. वीस मीटर रुंदीच्या इमारतीला ८० हजार, आणि तिच्यात १६ फ्लॅट असतील तर फ्लॅटमागे फक्त पाच हजार.

इथेच भांडण सुरू होते. बंगल्यातले दोन म्हातारे जीव दिवसातून एकदा फाटक उघडतात. सोळा फ्लॅटवाल्यांच्या तीस-बत्तीस गाड्या रोज तोच रस्ता झिजवतात. कोपऱ्यावरच्या प्लॉटला दोन्ही बाजूंनी रस्ता, म्हणून दोन्हीकडून बिल. दर्शनी रुंदी सोडून क्षेत्रफळ धरावे तर मागे खोल गेलेला प्लॉट मार खातो. मिळकतीचे मूल्य धरावे तर मग ती घरपट्टीच झाली, वेगळ्या आकारणीचा खटाटोप कशाला? यातून सुटका करणारे सूत्र कुठल्याच देशाला सापडलेले नाही. प्रत्येकाने एक अन्याय निवडला आणि त्याला नियम म्हटले.

इंग्लंडमध्ये १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने नगर प्रशासनाला अधिकार दिला की ज्या खासगी रस्त्याला फरसबंदी, गटार, सपाटीकरण नाही, तिथल्या दर्शनी मालकांना नोटीस द्यायची. त्यांनी काम केले नाही तर स्वतः करून खर्च त्यांच्यावर वाटायचा. पुढे १८९२ मध्ये खास खासगी रस्त्यांसाठी वेगळा कायदा झाला. मधल्या काळात हेच तत्त्व मुंबईत उतरले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३०५ खासगी रस्त्याच्या सपाटीकरणाची, खडीकरणाची आणि गटाराची जबाबदारी मालकांवर टाकते. पुढचेच कलम ३०६ तो रस्ता नीट झाला की सार्वजनिक जाहीर करण्याची वाट उघडते. या जोडीतली अदलाबदल ध्यानात घ्यावी. मालकाने एकदा पैसे मोजायचे, रस्ता नीट करून पालिकेच्या स्वाधीन करायचा, आणि त्यानंतरचे सगळे खड्डे पालिकेचे.

अमेरिकेत हाच प्रकार फार बोकाळला, आणि त्याची परीक्षा न्यायालयात झाली. ओहायो राज्यातल्या नॉरवूड या गावाने बेकर नावाच्या बाईंच्या जमिनीतून रस्ता काढला. जमीन घेतली म्हणून दोन हजार डॉलर भरपाई ठरली. मग गावाने तीच भरपाई आणि शिवाय खटल्याचा खर्च, दोन्ही बाईंच्याच उरलेल्या जमिनीवर ‘रस्त्याचा लाभ’ म्हणून बसवले! १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे रद्द केले. मिळकतीला जो खास लाभ होतो त्याहून ठळकपणे जास्त वसूल केले तर ते भरपाईविना जमीन हडपणेच झाले, असा त्या निकालाचा आशय. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. तिथे अशी आकारणी लावण्यापूर्वी संबंधित मिळकतदारांना टपालाने मतपत्रिका पाठवावी लागते, ज्याला जास्त भरायचे त्याच्या मताचे वजन जास्त, आणि विरोधाचे पारडे जड झाले तर आकारणी बारगळते. पैसेवाल्याच्या मताला जास्त वजन हे आपल्या कानाला खटकेल. मलाही खटकते. पण निदान विचारतात तरी.

महाराष्ट्रात या तत्त्वाचे सर्वांत मोठे रूप नगररचना योजनेत दिसते. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही पद्धत आपल्याकडे आहे. आजचा आधार १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. शेतजमिनी एकत्र करायच्या, रस्ते आखायचे, प्रत्येकाला थोडा लहान पण रस्त्यावरचा प्लॉट परत द्यायचा आणि वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून अंशदान म्हणून घ्यायची. पुण्याचे भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, अशाच योजनेतून आकाराला आले. नाशिककरांना ताजे उदाहरण मखमलाबाद-हनुमानवाडीचे आठवेल. स्मार्ट सिटीच्या नावाखाली सुमारे साडेसातशे एकरांची योजना मांडली गेली आणि शेतकऱ्यांत समर्थक-विरोधक अशी फूट पडली. विरोधकांचा आक्षेप रस्त्याला नव्हता. किती जमीन जाणार, किती परत मिळणार आणि भाव कोण ठरवणार, याला होता.

गरिबांच्या वाट्याला याच तत्त्वाचे धाकटे भावंड आले, २००१ चा गुंठेवारी कायदा. बेकायदा तुकडे पाडलेल्या जमिनीवर घर बांधलेल्यांनी प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरून घर नियमित करून घ्यायचे, आणि त्या रकमेतून त्याच वसाहतीत रस्ते, गटार, पाणी द्यायचे. कल्पना चोख आहे: पैसा जिथला तिथे. राज्यभरातल्या कुठल्याही गुंठेवारी वस्तीत जाऊन विचारा, भरलेल्या पावत्या घराघरांत जपून ठेवलेल्या सापडतील. रस्ता मात्र विचारून शोधावा लागेल. २०२१ मध्ये या कायद्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली, म्हणजे पावत्यांची आणखी एक पिढी तयार झाली.

आता देवळाली. इथे महापालिका अधिनियम लागू नाही. छावणी परिषद, म्हणजे आपल्या तोंडी असलेले ‘बोर्ड’, २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखाली चालते. त्याचे कलम ६६ सांगते की मालमत्ता कर आणि व्यवसाय कर बोर्डाने केंद्राच्या पूर्वमंजुरीने लावलेच पाहिजेत. मालमत्ता कर वार्षिक करयोग्य मूल्याच्या किमान १० आणि कमाल ३० टक्के. याशिवाय राज्यातल्या नगरपालिकांना जो कर लावता येतो तो बोर्डालाही लावता येतो. म्हणजे दारापुढच्या रस्त्याची वेगळी पट्टी देवळालीत आज नसली तरी दार अगदीच बंद नाही. मुंबईच्या मालमत्ता कराच्या देयकात सर्वसाधारण कर, जललाभ कर, वृक्ष उपकर यांच्या रांगेत ‘पथकर’ हा स्वतंत्र रकाना आहेच. पण तो गल्लीनिहाय नाही. चेंबूरच्या घरमालकाचा पथकर दहिसरच्या रस्त्याला लागू शकतो.

गल्लीनिहाय पट्टी कॅम्पात आणायची तर पहिला अडथळा ‘मालक’ या शब्दाशीच आहे. छावणीतल्या जमिनींचे १९३७ च्या नियमांप्रमाणे वर्ग पडतात. ओल्ड ग्रँटच्या बंगल्यात जमीन सरकारची आणि इमला धारकाचा. सरकारने जागा परत मागितली तर भरपाई इमल्याची. काही मिळकती भाडेपट्ट्याच्या. दर्शनी आकारणीचा सगळा युक्तिवाद उभा आहे तो ‘रस्त्याने तुमच्या जमिनीची किंमत वाढली’ या वाक्यावर. जमीनच ज्याची नाही त्याची कुठली किंमत वाढली? वर लष्करी निर्बंधांमुळे बांधकाम हवे तसे वाढवता येत नाही. नाशिकरोडला गल्ली काँक्रीटची झाली की बिल्डर चकरा मारू लागतात. कॅम्पात काँक्रीट झाले की चिखल कमी होतो, बस्स.

दुसरा अडथळा रस्त्यांच्या जातीचा. लॅम रोड बिटकोकडून विहितगावमार्गे कॅम्पात येतो आणि पुढे भगूरला जातो. त्याच्यावरून एसटी, ट्रक, लष्करी वाहने, शाळांच्या बस, सगळे धावते. त्याच्या कडेला घर आहे म्हणून मालकाला लाभ होतो की त्रास, हे त्याच्या झोपेला विचारावे. अशा वाहत्या रस्त्याचा खर्च दर्शनी मालकांवर टाकणे मला सरळ अन्याय वाटतो. हौसन रोडची गोष्ट वेगळी नाही. उलट वस्तीच्या आतली, दोन्हीकडून घरे असलेली, जिथून परका माणूस जात नाही अशी गल्ली या पद्धतीला योग्य. बंगल्यांच्या आणि सॅनेटोरियमच्या बाजूला तर एकेक कुंपण इतके लांब की मीटरच्या हिशेबाने एकाच धारकाच्या अंगावर निम्मी गल्ली येईल.

तिसरा अडथळा सगळ्यांत मोठा शेजारी, लष्कर. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर लागत नाही. त्याऐवजी सेवा शुल्क द्यावे, असा दंडक आहे. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर झालेल्या व्यवस्थेत सेवांच्या वापराप्रमाणे मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३⅓ टक्के अशा पायऱ्या मान्य झाल्या. छावण्यांतही संरक्षण खात्याकडून सेवा शुल्क येते, आणि ते वेळेवर व पुरते येत नाही ही बोर्डांची जुनी तक्रार. त्यात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. त्यामुळे बुडालेल्या कराच्या बदल्यात महापालिकांना राज्याकडून अनुदान मिळू लागले; ते आपल्यालाही मिळावे ही राज्यातल्या सातही कॅन्टोन्मेंट बोर्डांची मागणी वर्षानुवर्षे गाजली. रस्त्याला पैसा का नाही, याचे उत्तर या दोन ओळींत बरेचसे आहे. ते भोक गल्लीतल्या चोवीस घरांनी बुजवायचे का?

माझे उत्तर असे. मातीच्या गल्लीला पहिल्यांदा पक्का रस्ता आणि गटार मिळत असेल तर कडेच्या मिळकतींनी खर्चाचा काही भाग द्यायला हरकत नाही. तो एकदाच द्यावा, हप्त्यांनी द्यावा, आणि त्यानंतर त्या रस्त्याची देखभाल कायमची बोर्डाची. पण असलेल्या रस्त्याचे पॅचवर्क आणि पुन्हा डांबरीकरण यासाठी वेगळी पट्टी मागणे म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे घेणे. रस्ते बांधणे आणि राखणे हे कायद्याने बोर्डाच्या कर्तव्यांत घातलेले आहे आणि त्यासाठीच घरपट्टी आहे.

आणि विचारायचे कुणाला, हा प्रश्न राहतोच. कॅम्पात बोर्डाची शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. फेब्रुवारी २०२१ नंतर निवडून आलेले सदस्य नाहीत. स्टेशन कमांडर अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि नागरिकांतून एक नामनियुक्त सदस्य, असा तिघांचा कारभार. ३० एप्रिल २०२३ ला ठरलेले मतदान मार्चमध्येच रद्द झाले, कारण छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या नागरी संस्थांना देण्याचे धोरण केंद्राने घेतले. हिमाचलमधली खास योल छावणी त्याच एप्रिलमध्ये पहिली बाहेर पडली. विलीनीकरण व्हायचे तेव्हा होईल. ज्या संस्थेत वॉर्डाचा माणूस बसत नाही तिने गल्लीवर नवी पट्टी बसवू नये, आणि ज्या संस्थेत आपण उद्या जाणार ती आज भरलेल्या वर्गणीची दखल घेईल याचीही कुणी हमी दिलेली नाही.

म्हणून ‘घरटी काढू’ म्हणण्याआधी एवढे करा. तुमच्या गल्लीचा रस्ता शेवटचा कधी झाला, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपला का, आणि पाइप किंवा केबल टाकायला रस्ता खोदणाऱ्यांकडून पुनर्भरणाचे किती पैसे जमा झाले, हे माहितीच्या अधिकारात बोर्डाकडे विचारा. मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे एमबीची, प्रत मागा. उत्तराला तीस दिवस लागतात. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर खड्डा ठेकेदाराने फुकट बुजवायचा आहे. आणि उद्या खरोखरच नव्या पट्टीचा प्रस्ताव निघाला तर तो प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत छावणीतल्या कुठल्याही रहिवाशाला, भाडेकरूलासुद्धा, लेखी हरकत देता येते. पोच घ्यायला विसरू नका.

पुढील लेखांकात : सेवा शुल्क, लष्कराचे बिल कसे ठरते.