कोरा निरोप नको!

मैत्रिणींनो, शाळेतल्या कायम नोकरीवरच्या बाई निवृत्त होतात तेव्हा त्यांचा निरोप समारंभ किती थाटात होतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. शाल, श्रीफळ, मुख्याध्यापकांचं भाषण, मुलांनी बसवलेलं गाणं आणि शेवटी बटाटेवडा. पण संध्याकाळी दोन तास भाषेच्या वर्गावर शिकवणारी तुमच्या-आमच्यासारखी बाई काम सोडते, तेव्हा काय होतं? बहुधा काहीच होत नाही! महिनाअखेरीस ती कपाटाची किल्ली परत देते आणि जिना उतरते. पुढच्या सोमवारी तिच्या जागी दुसरं कुणीतरी उभं असतं.

पुण्यात परकीय भाषा शिकवणाऱ्या मोठ्या संस्था आहेत, तसे गल्लीबोळांतून लहान वर्गही पुष्कळ आहेत. औषधांच्या दुकानावर दोन खोल्यांत चालणाऱ्या अशाच एका वर्गात मी आठवड्यातून तीन संध्याकाळी जर्मन शिकवते. कुकर लावून निघायचं आणि परत येऊन पोळ्या लाटायच्या, हा आम्हा बहुतेकींचा दिनक्रम. शिकवणारी माणसं सगळी मिळून सात. मार्च २०२५ च्या अखेरीस त्यांतली दोघं एकदम जायची ठरली. जपानी शिकवणाऱ्या ताईंच्या यजमानांची नागपूरला बदली झाली आणि जर्मनच्या तरुण सरांना कंपनीत भाषांतराची नोकरी लागली.

निरोपाचा विषय काढला, तर वर्गाचे चालक म्हणाले, "अर्धवेळवाल्यांचा कसला निरोप? सगळे मिळून चहा घेऊ या." त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण बोलणं मनाला लागलं. ताईंनी तिथे नऊ वर्षं शिकवलं होतं. नऊ वर्षांचं काम एका कपात मावतं का, तुम्हीच सांगा!

मग आम्हीच कंबर कसली. प्रत्येकी दीडशे रुपये वर्गणी काढली. ताई लगेच म्हणाल्या, "मी नारळाच्या वड्या करून आणते." आपली बायकांची ही खोडच! स्वतःच्या निरोपालासुद्धा डबा भरून न्यायचा. आम्ही त्यांना स्पष्ट नाही म्हटलं. खायचं बाहेरून मागवलं, त्यामुळे त्या दिवशी कुणालाच पदर खोचून पोहे परतावे लागले नाहीत.

भेट काय द्यायची, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर ताईंच्याच विषयात सापडलं. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि एप्रिलमध्ये नवं सुरू होतं, त्यामुळे हे दिवस तिकडेही निरोपाचेच. जाणाऱ्या माणसासाठी तिथे 'योसेगाकी' करतात. चौकोनी जाड कागदाच्या मधोमध त्याचं नाव लिहायचं आणि भोवतीनं प्रत्येकाने आपल्या हाताने दोन ओळी लिहायच्या. आमच्या विद्यार्थ्यांनी नुकतीच शिकलेली ४६ हिरागाना अक्षरं कामाला लावली. काही अक्षरं कलली, एकदोन चक्क उलटी पडली. पण ताईंनी तो कागद किती वेळ हातात धरला होता! खर्च म्हणाल तर एका कार्डाचा.

निरोपाचे शब्दही पाहण्यासारखे असतात बरं का. जपानी 'सायोनारा'चा मूळ अर्थ 'असं आहे तर मग...' असा. जर्मन माणूस 'आउफ वीडरझेएन' म्हणतो, म्हणजे 'पुन्हा भेटेपर्यंत'. फोनवर बोलणं संपवताना 'पुन्हा ऐकेपर्यंत' अशा अर्थाचा वेगळा शब्द! आणि आपण? आपण 'जाते' म्हणतच नाही, 'येते' म्हणतो. जाणाऱ्याचा धागा तोडू नये, ही समज सगळ्याच भाषांत दिसते.

पण नुसत्या शब्दांनी धागा टिकत नाही. ताईंना नागपूरला नवं काम शोधायचं होतं, आणि नऊ वर्षं शिकवल्याचा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. नेमणुकीचं पत्र कधी मिळालंच नव्हतं. चालक म्हणाले, "पत्रच नाही, तर दाखला कसा देऊ?" आम्ही जुनी हजेरीपुस्तकं काढली. २०१६ पासूनच्या पानापानावर ताईंची सही होती! दाखल्याचा मजकूरही आम्हीच लिहून नेला. चालकांनी तो वाचला, हजेऱ्या चाळल्या आणि सही-शिक्का केला. समारंभात शालीच्या आधी तो दाखला दिला. तोवर हसतमुख असलेल्या ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा.

म्हणून सांगते, अनुभवाच्या दाखल्यात इतकं असायलाच हवं: कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, कोणती भाषा आणि कोणत्या पातळीपर्यंत शिकवली, आठवड्याला किती तास, परीक्षेला मुलं बसवली असतील तर कोणत्या, आणि खाली सही, शिक्का, दिनांक. 'वर्तणूक चांगली होती' एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. शिवाय शेवटच्या महिन्याचं मानधन हातात पडलं का, आणि त्यातून कर कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मिळालं का, हेही पाहावं. हे विचारण्यात संकोच कसला? घरी दुधाचा हिशेब आपण चोख ठेवतोच ना!

जाणाऱ्यानेही मागे काही ठेवून जावं. जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. एन-५ ही तिची सर्वांत खालची पातळी. ताईंची पाच मुलं जुलैत तिला बसणार होती, म्हणजे हाताशी तीनच महिने. नव्या भाषेत मूल बाईंच्या आवाजाला धरून चालतं. तो आवाज बदलला की बुजतं. ताईंनी एका वहीत प्रत्येकाचं पान केलं: धडा कुठवर झाला, कोण कुठे अडखळतो, कुणाला चारचौघांत टोकलेलं चालत नाही. नव्या बाईंचं निम्मं काम त्या वहीनेच केलं.

आणि भाषण? 'तुमची उणीव भासेल' हे वाक्य सगळेच म्हणतात. त्यापेक्षा एकच खरी गोष्ट सांगावी. सरांबद्दल एक विद्यार्थिनी म्हणाली, "रात्री नऊला वर्ग सुटला की घरून न्यायला येईपर्यंत सर जिन्यापाशी थांबायचे." आणखी काय सांगायला हवं?

तुमच्या शिवणवर्गातून, बालवाडीतून, शिकवणीतून कुणी जात असेल, तर हार जरूर आणा, शालही द्या. पण त्याआधी तिला बाजूला घेऊन एवढं विचारा, "ताई, दाखला घेतलात का?" घेतला नसेल, तर तो मागायला तिच्यासोबत जा.