सेवाशुल्काचे दशक आणि वेटरचा पगार

28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने उपाहारगृहांच्या दोन राष्ट्रीय संघटनांच्या याचिका फेटाळल्या, प्रत्येकीला एक लाख रुपये भरण्याचा आदेश दिला आणि बिलात परस्पर सेवाशुल्क लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली, तेव्हा सर्वत्र ग्राहकांचा विजय साजरा झाला. निकाल योग्यच होता. मालकांच्या संघटना त्याविरुद्ध खंडपीठाकडे गेल्या असल्या तरी ग्राहकाच्या संमतीवाचून पैसे उकळण्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होत नाही. मात्र ज्याचे नाव पुढे करून हे शुल्क घेतले जात होते, त्या वेटरच्या हातात महिन्याकाठी किती पगार पडतो, हा प्रश्न एवढ्या वर्षांच्या भांडणात कोणीही धसास लावला नाही, आणि निकालानंतरच्या जल्लोषातही तो कोणाला आठवला नाही. म्हणूनच सेवाशुल्काच्या या दशकाकडे ग्राहक आणि मालक यांच्या नजरेने न पाहता टेबल पुसणाऱ्याच्या बाजूने पाहणे अगत्याचे आहे.

सेवाशुल्कापूर्वीच्या काळात फार रेंगाळण्याचे कारण नाही. मुंबईच्या इराणी आणि उडुपी हॉटेलांत मालक व नोकर पुष्कळदा एकाच मुलखातले असत, नोकर दुकानातच किंवा पोटमाळ्यावर झोपे, त्याचे जेवण मालकाकडे असे, आणि दिवसभर कपबशा उचलणारी कितीतरी मुले संध्याकाळी रात्रशाळेत बसून शिकली. ही व्यवस्था मायेची होती असे म्हणण्याची पद्धत आहे. पण तिच्यात कामाच्या तासांना धरबंध नव्हता आणि पगाराचा बराचसा भाग उचलीतच वळता होत असे. हॉटेलांत बालकामगार ठेवण्यावरील बंदी लागू व्हायला 10 ऑक्टोबर 2006 उजाडावे लागले, यावरून त्या मायेची मर्यादा स्पष्ट होते.

तरीही त्या काळाने एक मोलाची गोष्ट मागे ठेवली. 1948 च्या किमान वेतन कायद्याने वेतन म्हणजे नोकरीच्या करारानुसार मालकाने देणे लागणारी रक्कम अशी व्याख्या केली आणि राहण्याच्या जागेची किंमत वेतनात धरू दिली नाही. ग्राहक खुशीने देतो ती टीप या व्याख्येत बसत नाही. अमेरिकेत 1966 पासून टीपेची वजावट मान्य आहे, म्हणजे कामगाराला मिळालेली टीप मालक किमान वेतनाच्या हिशेबात धरू शकतो. त्यामुळे टीप घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे संघीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवरच अडकले आहे आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना 15 ते 20 टक्के टीप बिलाइतकीच अटळ वाटते. भारतीय कायदेकर्त्यांनी मालकाला ही पळवाट दिली नव्हती. ती मागल्या दाराने आली सेवाशुल्काच्या रूपाने, आणि म्हणूनच 2013 नंतरचे दशक तपशिलाने तपासण्याजोगे आहे.

1 एप्रिल 2013 पासून सर्व वातानुकूलित उपाहारगृहांना सेवाकर लागू झाला. सेवाकर हा केंद्र सरकारचा कर होता आणि उपाहारगृहात तो बिलाच्या 40 टक्के रकमेवर आकारला जाई. सेवाशुल्क ही मालकाने स्वतः ठरवलेली, साधारणपणे 10 टक्क्यांची वसुली होती आणि तिचा सरकारशी काहीही संबंध नव्हता. पदार्थांच्या बेरजेखाली सेवाशुल्क, मूल्यवर्धित कर आणि सेवाकर अशा तीन ओळी एकाखाली एक छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा असंख्य ग्राहकांनी तिन्ही ओळी सरकारच्या समजून मुकाट्याने भरल्या, आणि हा गैरसमज दूर करण्याची तसदी मालकांनी घेतली नाही, कारण तो त्यांच्या सोयीचा होता. ज्यांना फरक कळला त्यांनी सेवाशुल्क दिलेच आहे म्हणून टीप ठेवणे थांबवले. परिणामी थेट वेटरच्या हातात जाणारा पैसा मालकाच्या गल्ल्यातून फिरून येऊ लागला, आणि गल्ल्यातून बाहेर किती येतो हे ठरवणारा मालकच होता.

मोठ्या तारांकित हॉटेलांत, विशेषतः जिथे कामगार संघटना जागी होती तिथे, या रकमेच्या वाटपाला पॉइंटची पद्धत होती. कॅप्टनला, म्हणजे वेटरांवर देखरेख करणाऱ्याला, अधिक पॉइंट, वेटरला त्याहून कमी आणि मोरीवर भांडी घासणाऱ्याला सर्वांत कमी, असा तो हिशेब असे. ही पद्धत समान नव्हती, परंतु निदान लेखी होती. शहरांतल्या मधल्या दर्जाच्या उपाहारगृहांत मात्र तसा हिशेब क्वचितच दाखवला जाई, आणि फुटलेल्या काचेची भरपाईही पुष्कळ ठिकाणी याच पैशातून कापली जाई. 26 एप्रिल 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयटीसीच्या प्रकरणात, हॉटेलाने कार्डावर गोळा करून कामगारांना वाटलेली टीप हे वेतन नव्हे, असा निर्वाळा दिला. प्रश्न करकपातीचा होता, पण त्यातले तत्त्व व्यापक होते: टीप हा ग्राहकाने कामगाराला दिलेला पैसा आहे, मालकाने दिलेला पगार नाही. उपाहारगृहांच्या धंद्याने हे तत्त्व मनावर घेतले असते तर पुढचा बराच वाद टळला असता.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि सुट्या पैशांचा व्यवहार आटला. रेक्झिनच्या पाकिटात बिल, सोबत बडीशेपेची वाटी, त्या पाकिटात उरलेल्या दहा-वीसच्या नोटा आणि नाणी, ती उचलून काउंटरवरच्या डब्यात टाकणारा वेटर आणि रात्री शटर अर्धे ओढल्यावर तो डबा टेबलावर पालथा करून होणारी वाटणी, हा रोजचा क्रम मोबाइलवरून पैसे भरण्याची सवय वाढली तसा मोडत गेला. यूपीआयने बिलाची रक्कम पैशापर्यंत अचूक मालकाच्या खात्यात जाते. वर काही ठेवावे असा क्षणच त्या व्यवहारात येत नाही. या बदलाने वेटरच्या कमाईचे जे नुकसान झाले त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, ही खेदाची बाब आहे.

2017 साली तीन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये केंद्राने सेवाशुल्क ऐच्छिक असल्याचे सांगून बिलातला तो रकाना ग्राहकासाठी कोरा ठेवण्याची सूचना केली. नोव्हेंबरात बहुतेक उपाहारगृहांवरचा वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवर आला आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली, तेव्हा अनेक मालकांनी पदार्थांचे मूळ दर वाढवले. डिसेंबरात महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा लागू झाला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे झाले, म्हणजे लहान हॉटेलांतला कामगार तपासणीच्या टप्प्यापासून आणखी दूर गेला. दर वाढवता येतात हे सिद्ध झाले, पण त्या वाढीत वेटरच्या पगाराला वाटा मिळाला नाही.

करोनाच्या टाळेबंदीत टीप शून्यावर आली, पगार अर्धे झाले किंवा थांबले, आणि उत्तराखंड, नेपाळ, ओडिशा, बंगालमधून आलेले कितीतरी वेटर गावी परतले. तरीही 4 जुलै 2022 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली, तेव्हा त्याच कामगारांच्या हिताचा हवाला देऊन मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. कामगारांचे हित हेच कारण असेल, तर पदार्थाच्या दरात ते धरून पगार वाढवण्यास कोणीही अडवलेले नव्हते. केंद्रीय मंत्र्यांनीही तेव्हा हेच सांगितले होते. ग्राहकांचीही सुटका नाही: सक्तीचे 10 टक्के वाचल्याचा आनंद मानणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वखुशीची टीप पुन्हा सुरू केली.

ब्रिटनने 1 ऑक्टोबर 2024 पासून टीप व सेवाशुल्काची संपूर्ण रक्कम कपातीविना कामगारांना देण्याची, वाटपाचे लेखी धोरण ठेवण्याची आणि तीन वर्षांच्या नोंदी जपण्याची कायदेशीर जबाबदारी मालकांवर टाकली. भारतात नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांपर्यंत नेला असला तरी टीपेच्या वाटपाबाबत असा नियम आजही नाही. तो महाराष्ट्राने पुढाकार घेऊन करावा, हॉटेलांतील पगारपत्रकांची तपासणी नेमाने व्हावी, आणि मालकांनी पगाराचा खर्च पदार्थाच्या छापील दरात उघडपणे धरावा. पगार देणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि टीप हे ग्राहकाचे आभार आहेत. दोहोंची सरमिसळ करणाऱ्याला जाब विचारावा, आणि तोवर ज्याने जेवण वाढले त्याच्या हातात, गल्ल्यात नव्हे, रोख टीप ठेवावी.