कल्पनेतला डोंगर आणि समोच्चरेषा

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत सातपुड्याचे डोंगर थेट नर्मदेत उतरतात. सरदार सरोवराची पूर्ण जलसंचय पातळी १३८.६८ मीटर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण या पातळीपर्यंत प्रथमच भरले. संथ पाण्याची कड सर्वत्र एकाच उंचीवर असते, म्हणजे ती एक समोच्चरेषाच. महाराष्ट्रातील ३३ गावे या जलाशयाने बाधित झाली. ही रेषा नकाशावर येते कशी, हे मुलांना कळायलाच हवे.

खऱ्या नकाशातले रेषांचे जाळे पाहून मुले गोंधळतात. म्हणून आपण आधी काल्पनिक डोंगर रचू. ११ ओळी आणि ११ स्तंभ आखून १२१ छेदबिंदूंवर उंची लिहावी. वरच्या ओळीकडे डोंगर, खालच्या ओळीकडे नदी आणि चौथ्या स्तंभातून उतरणारा एक अरुंद नाला असू द्यावा.

समजा, शेजारच्या दोन बिंदूंची उंची १३० व १५० मीटर आहे आणि त्यांत १०० मीटर अंतर आहे. चढ एकसारखा मानला, तर १३८.६८ मीटरची रेषा पहिल्या बिंदूपासून ४३.४ मीटरवर जाईल. असे सगळे बिंदू काढून जोडले की रेषा तयार!

हेच काम संगणक क्षणात करतो. त्यासाठी महागडी प्रणाली नको. ‘ग्नूप्लॉट’ आणि ‘क्यूजीआयएस’ या दोन्ही विनामूल्य मिळतात. ग्नूप्लॉट तर शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालते. उंचीचे आकडे साध्या मजकुराच्या फाइलीत ओळीने लिहून द्यावेत आणि कोणत्या उंचीची रेषा हवी ते सांगावे.

आता खरा प्रयोग. सम क्रमांकाच्या ओळी व स्तंभ गाळून नकाशा पुन्हा काढा. चौथा स्तंभ गेला, त्याबरोबर नालाही गेला! आधी नाल्यात जिभेसारखी शिरणारी रेषा आता सरळ जाते आणि नाल्याकाठची घरे कागदावर कोरडी राहतात. पाणी मात्र नाल्यात शिरणारच.

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अंतराळयानाने रडारने मोजलेल्या उंचीची माहितीही मोफत मिळते. तिच्यातले बिंदू सुमारे ३० मीटर अंतरावर आहेत, आणि उंचीत काही मीटरांची चूक असू शकते. तिच्यावरून सातपुड्याचा नकाशा जरूर काढावा. एखादे घर बुडेल की वाचेल, हे मात्र ठरवू नये. त्यासाठी त्या घराच्या उंबऱ्याचीच उंची मोजावी लागते.