विश्लेषण : लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो? जुन्या गाड्यांतील ऑइल प्रेशर स्विच कसा काम करतो?

काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. मात्र हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि त्याहूनही जुन्या गाड्या आजही रॅलींमध्ये दिसतात. या गाड्यांच्या इंजिनाला मोठा धोका असतो तो ऑइलचा दाब अचानक कमी होण्याचा. त्यावर पहारा देतो अंगठ्याएवढा एक स्विच. तो इशारा नेमका केव्हा देतो? इंजिन आपोआप बंद करण्याचे कामही त्याच्याकडे सोपवावे का?

ऑइलचा दाब इतका महत्त्वाचा का?

इंजिन सुरू असताना क्रँकशाफ्ट बेअरिंगला थेट टेकून फिरत नाही. दोघांमध्ये केसाहून पातळ असा ऑइलचा थर असतो. ऑइल पंप दाबाने पुरवठा करत राहतो, तोवर हा थर टिकतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते, बेअरिंगचा मऊ थर खरवडून निघतो आणि शेवटी इंजिन सीझ होते. इंजिन वेगात असेल तर हे नुकसान काही सेकंदांत सुरू होते. ऑइल कमी होणे, गळती, पंपाची किंवा बेअरिंगची झीज, ऑइल पॅनमधील जाळी तुंबणे, दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह उघडा अडकणे ही त्याची नेहमीची कारणे. त्यानंतरचा खर्च मोठा असतो. क्रँक ग्राइंड करून घ्यावा लागतो आणि उत्पादन बंद झालेल्या इंजिनासाठी नेमक्या मापाची बेअरिंग शोधावी लागतात.

स्विच काम कसे करतो?

हा स्विच इंजिन ब्लॉकवर, ऑइलच्या मार्गात आटे घालून बसवलेला असतो. आत एक लवचिक पडदा, एक स्प्रिंग आणि विजेचे दोन संपर्कबिंदू असतात. इंजिन बंद असताना स्प्रिंग हे बिंदू जोडून ठेवते. चावी फिरवली की डॅशबोर्डवरील लाल दिवा लागतो. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दाब पडद्याला ढकलतो, बिंदू सुटतात आणि दिवा विझतो. म्हणूनच इंजिन सुरू करण्याआधी दिवा लागतो का, हे पाहणे गरजेचे आहे. तो लागला नाही तर बल्ब उडालेला, वायर तुटलेली किंवा स्विच बिघडलेला असू शकतो. अशा गाडीत दाब शून्यावर आला तरी दिवा गप्पच राहील.

मग उशीर कुठे होतो?

बहुतेक मूळ स्विच साधारण ४ ते ७ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर तितके पौंड, इतका दाब उरल्यावर दिवा लावतात. गरम इंजिन सिग्नलला संथ चालत असताना दिवा उगाच लुकलुकू नये, हा त्यामागचा हेतू. मेकॅनिक मंडळींचा ढोबळ हिशेब असा, की दर १,००० आरपीएमला १० पीएसआय दाब हवा. म्हणजे ३,००० आरपीएमला सुमारे ३०. आता घाट चढताना दाब १२ वर आला, तर बेअरिंगला ऑइल अपुरे पडते. पण दिवा मात्र विझलेलाच राहतो. दाब जवळपास संपला, एवढेच तो सांगतो. दाब पुरेसा आहे की नाही, हे सांगत नाही.

यावर उपाय म्हणून काही मालक दुसरा स्विच बसवतात. तो १५ ते २० पीएसआयला काम करतो आणि मोठा दिवा व बझर चालू करतो. त्याआधी आपल्या इंजिनाचा गरम असतानाचा, संथ गतीतील दाब गेजवर मोजायला हवा. नाहीतर बझर प्रत्येक सिग्नलला वाजेल आणि आठवडाभरात कुणीतरी त्याची वायर काढून टाकेल.

इंजिन आपोआप बंद करता येते का?

इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असलेल्या गाड्यांसाठी तीन टोकांचा स्विच मिळतो. ऑइलचा दाब असेल तरच तो पंपाला वीज देतो. सुरुवातीला दाब नसतो, तेव्हा स्टार्टरच्या जोडणीतून पंप चालतो. त्याचा खरा फायदा अपघातात होतो. इंजिन थांबले की पंपही थांबतो आणि तुटलेल्या पाइपमधून पेट्रोल उडत राहत नाही.

इंजिन वाचवण्यात मात्र त्याला मर्यादा आहेत. पंप बंद झाला तरी कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोलवर इंजिन काही काळ चालतच राहते. पद्मिनीसारख्या गाड्यांत तर पंप यांत्रिक असतो, त्याची वीज तोडण्याचा प्रश्नच येत नाही.

मग इग्निशनच तोडावे का?

त्याने इंजिन लगेच बंद होते. पण ट्रकला ओव्हरटेक करताना ते बंद पडले तर? गाडीचा जोर जातो. सर्वो ब्रेक असतील तर एक-दोनदा दाबेपर्यंतच त्यांची मदत उरते. शिवाय एखादी ढिली वायरही असाच घात करू शकते. सोसायटीच्या जनरेटरजवळ सतत कुणी उभे नसते, म्हणून तिथे दाब घसरताच इंजिन बंद करणारी यंत्रणा योग्य ठरते. रस्त्यावरच्या गाडीत चालक हजर असतो. त्याला वेळेत, ठळक इशारा देणे आणि गाडी कुठे थांबवायची हे त्याच्यावर सोडणे अधिक सुरक्षित.

बसवताना काय पाहावे?

आट्यांचे माप आधी तपासावे. ब्रिटिश आणि अमेरिकी पद्धतीच्या एक-अष्टमांश इंची जोडणीत इंचाला अनुक्रमे २८ आणि २७ आटे असतात. चुकीचा स्विच सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, नंतर गळतो. टेफ्लॉन टेपचे तुकडे ऑइलच्या मार्गात जाऊ देऊ नयेत. पंपाचा मोठा करंट स्विचमधून न नेता रिले वापरावा.

आणखी एक मुद्दा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनालाच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. त्यामुळे नवे भोक न पाडता, मूळ जागीच टी-जोड लावून, पुन्हा काढता येईल असे काम करून घेणे उत्तम.

आणि चालत्या गाडीत लाल दिवा लागला, तर ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ असा विचार करू नये. गाडी सुरक्षितपणे डावीकडे घ्यावी, लगेच इंजिन बंद करावे आणि आधी डिपस्टिक पाहावी. ऑइल पुरेसे असूनही दिवा लागत असेल, तर गाडी टो करूनच न्यावी.