खडक चढणारी घरगुती गाडी

ट्रॅक्टर घेताना आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हॉर्सपॉवर किती?" सर्वांत खालच्या गिअरला वेग किती, डिफरन्शियल लॉक आहे का, हे प्रश्न मागाहून येतात, पुष्कळदा येतच नाहीत. ताकद म्हणजे इंजिन, एवढेच ज्यांच्या मनात बसले आहे अशा सभासद बंधूंना आज एका वेगळ्याच गाडीची हकीकत सांगावयाची आहे. अमेरिकेत हौशी लोक ही गाडी घरच्या गॅरेजात, आपल्या हाताने बांधतात. तिला तिकडे 'रॉक क्रॉलर' म्हणतात, म्हणजे खडकावर रांगणारी. माणूस चालतो त्याहून ती सावकाश जाते, आणि तिची सारी करामत त्या सावकाशीतच आहे.

या गाडीची जन्मभूमी म्हणावी अशी एक वाट कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगरात आहे. तिचे नाव रुबिकॉन ट्रेल. जॉर्जटाउनच्या बाजूने टाहो सरोवराकडे जाणारी ही वाट सुमारे २२ मैलांची, म्हणजे ३५ किलोमीटरची. वाट म्हणायची ती नावापुरती. मधला मोठा भाग म्हणजे धोंड्यांवर धोंडे रचून ठेवलेले. १९५३ साली जॉर्जटाउनच्या मंडळींनी जीपगाड्या घेऊन या वाटेने पहिली मोठी मोहीम काढली. पुढे युटा राज्यात मोआब येथे १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांचा मेळा भरू लागला, आणि २००७ पासून मोहावीच्या वाळवंटात 'किंग ऑफ द हॅमर्स' नावाची शर्यत सुरू झाली.

सुरुवात जीपनेच व्हावी यात नवल नाही. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप १९४५ साली नागरी रूपात आली, तेव्हा तिचे पहिले गिऱ्हाईक कंपनीने शेतकरीच धरले होते. मागे पी.टी.ओ. बसवायची सोय होती, नांगर ओढून दाखवीत. त्याच घराण्यातली जीप पुढे महिंद्रांनी आपल्याकडे बांधली. शेतकी खात्याची जीप म्हणून ज्येष्ठ सभासदांना जी आठवते, तीच ही.

आता थोडा हिशेब करू. युद्धानंतरच्या त्या विलीज जीपचा पहिला गिअर २.८०, हाय-लोच्या पेटीचा (म्हणजे ट्रान्स्फर केसचा) लो २.४६ आणि ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७ येतो. म्हणजे इंजिनाने ३७ फेरे मारले की चाक एकदा फिरते. इंजिनाचा वेग जितका कमी होतो तितका त्याचा पीळ चाकाशी वाढतो. मोटेच्या काळापासून आपण हे ओळखून आहोत. फक्त दात मोजत नव्हतो.

हाच हिशेब आपल्या ट्रॅक्टरचा करून बघा. समजा, इंजिन मिनिटाला २,००० फेरे मारते आहे, लो फर्स्टला वेग ताशी अडीच किलोमीटर आहे आणि मागच्या चाकाचा घेर चार मीटर आहे. मग चाक मिनिटाला जेमतेम साडेदहा वेळा फिरते आणि गुणाकार १९० च्या घरात जातो. तेव्हा पिळाच्या बाबतीत आपला ट्रॅक्टर त्या जीपच्या बापाचा बाप आहे. मग खडकावर ट्रॅक्टरच का चढवीत नाहीत? कारण त्याला पाटे नाहीत. एक चाक धोंड्यावर गेले की सगळे धूड त्या बाजूने कलते. शिवाय बहुतेकांची ओढ फक्त मागच्या दोन चाकांवर. नुसता पीळ असून भागत नाही, तो जमिनीपर्यंत पोचावा लागतो. घरी क्रॉलर बांधणाऱ्याची दोन-दोन वर्षे जातात ती या एका कामात.

बांधणीसाठी तिकडे फार वर्षे पसंतीची गाडी म्हणजे १९८५ पर्यंतची टोयोटाची छोटी पिकअप. १९८५ च कां? कारण १९८६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्या पिकअपचा पुढचा ॲक्सल बदलला. आधी दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध, दणकट ॲक्सल होता. नंतर दोन्ही चाके सुटी-सुटी वर-खाली होऊ लागली. रस्त्यावर बसणाऱ्याला ते सुखाचे. खडकावर मात्र जुनाच बरा, कारण एकसंध ॲक्सलचे एक चाक धोंड्याने वर उचलले की त्याच दांड्याने दुसरे चाक खाली दाबले जाते. चारही पाय जमिनीला राहतात.

या गाडीचाही साधा गुणाकार ३७ च्याच जवळपास भरतो: पहिला गिअर ३.९५, लो २.२८, क्राउन-पिनियन ४.१०. तो वाढवायचा कसा? १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कारागिरांनी युक्ती काढली. एका हाय-लोच्या पेटीमागे तसलीच दुसरी पेटी जोडली. लोला पुन्हा लो! गुणाकार एकदम ८४. त्यावर ३७ इंची टायर चढवून इंजिन ८०० फेऱ्यांवर सोडले, तर गाडी ताशी पावणेदोन किलोमीटरने सरकते. ॲक्सिलरेटरला पाय लावावा लागत नाही. बैलगाडीसुद्धा तिला मागे टाकील.

पण इथून पुढे खरी डोकेदुखी सुरू होते. पीळ वाढविला की तो आपली वाट शोधीत जातो आणि वाटेत जो भाग सर्वांत कच्चा असेल तो मोडतो.

पहिला अडथळा डिफरन्शियलचा. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून ही योजना असते. तिची खोड अशी की दोन्ही चाकांना ती सारखाच पीळ देते. एक चाक निसरड्यावर असले की त्याला पीळ लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही. एक चाक गरागरा फिरते आणि दुसरे, घट्ट जमिनीवरचे, शहाण्यासारखे गप्प उभे राहते. ओल्या फडात ट्रॉली अडकते तेव्हा आपण हेच पाहतो. उपाय म्हणजे दोन्ही चाके एकमेकांना जखडणे. कोणी हवेच्या दाबाने चालणारा लॉक बसवितो. ज्याच्या खिशाला तो परवडत नाही तो डिफरन्शियलमधल्या लहान गिअरांना सरळ वेल्डिंग मारून टाकतो. त्याला तिकडे एका वेल्डिंग मशिनच्या कंपनीवरून 'लिंकन लॉकर' असे थट्टेने म्हणतात. खडकावर ते चालते, पण डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतो आणि गाडी सरळच जाऊ बघते. आपल्याकडे ही स्वस्ताई कुणी करू नये.

चाके जखडली की दुसरा कच्चा दुवा उघडा पडतो. पुढच्या चाकाला वळणही घ्यायचे आणि ओढही द्यायची, म्हणून तिथे गोळ्यांचा एक सांधा असतो, बर्फिल्ड जॉइंट. मूळ २८-२९ इंची टायरसाठी केलेला हा सांधा ३७ इंची चाकाखाली, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना आणि चाक धोंड्यात अडकलेले असताना, कडकन फुटतो. जाणते लोक डब्यात दोन-चार जादा सांधे घेऊनच निघतात व वाटेत बसून बदलतात. मग कोणी अधिक चिवट पोलादाचा सांधा आणतो. तो टिकला की क्राउन-पिनियनचे दात जातात. ते टिकले की स्टिअरिंगचा रॉड वाकतो. एकेक आजार बरा करावा आणि पुढचा उभा राहावा, असा हा संसार आहे. इंजिन मात्र बहुतेक वेळा मूळचेच, २.४ लिटरचे चार सिलिंडरांचे असते. त्याला हात लावायची पाळी शेवटी येते.

टायरची गोष्ट आपल्या चांगली ओळखीची आहे. रस्त्यावर तीसच्या आसपास असणारी हवा खडकावर दहा-बारा पौंडांपर्यंत उतरवितात. टायर चपटा होऊन धोंड्याला मिठी मारतो. मात्र इतक्या कमी हवेत तो रिमवरून निसटेल, म्हणून रिमवर लोखंडी कडे बोल्टांनी आवळून टायरची कड पकडून ठेवतात. काही जण तर पुढच्या टायरात पाणी भरतात. चढावर पुढचा भाग हलका पडून गाडी मागे उलथू नये आणि वजन तळाशी राहावे, हा हेतू. आपण मागच्या चाकात पाणी भरतो ते पकडीसाठी.

इथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. पुढे जाऊन काही बांधणारे टोयोटाचे ॲक्सल काढून टाकतात आणि जुन्या जर्मन युनिमॉगचे घालतात. त्यात चाकाच्या हबमध्ये आणखी एक गिअरजोडी असते. त्यामुळे ॲक्सलची नळी चाकाच्या मध्याच्या वर राहते, खालून धोंडा सहज जातो आणि पीळही शेवटच्या क्षणी वाढतो. हा युनिमॉग मूळचा कोण, तर शेतीची गाडी! युद्धानंतर १९४६ च्या सुमारास जर्मनीत त्याची आखणी झाली, तेव्हा दोन चाकांमधले अंतर बटाट्याच्या दोन ओळींच्या मापाने धरले होते. शेतकऱ्याच्या सरीवरून मोटारीचे माप ठरले, हे वाचून निदान आम्हांला तरी बरे वाटले.

आता जिवाशी गाठ असलेला भाग. अशी गाडी कधी ना कधी उलटणार हे धरूनच ती बांधतात. म्हणून बसणाऱ्यांभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा करतात. नळी पावणेदोन इंच व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची, आतून-बाहेरून ओढून नेमक्या मापाची केलेली. पाण्याचा जीआय पाइप तिथे चालत नाही. तो त्या कामासाठी केलेला नसतो, आणि त्याच्यावरच्या जस्ताचा वेल्डिंग करताना निघणारा धूर बाधतो. वाकवायला बेंडर पाहिजे, नाहीतर वाकाशी नळी चपटते आणि नेमकी तिथेच मोडते. जोडाला माशाच्या तोंडासारखी खाच काढून नळीला नळी घट्ट बसल्यावरच टाका मारतात. पिंजरा पत्र्याला न जोडता चेसिसला जोडतात आणि आत बसणारा पट्टा बांधल्याशिवाय इंजिन सुरू करीत नाही. पिंजरा आहे पण पट्टा नाही, तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच पिंजऱ्याखाली सापडतो. ट्रॅक्टरवरच्या संरक्षक कमानीलाही हेच लागू आहे.

गॅरेजातले धोके वेगळे. नुसत्या जॅकवर गाडी उचलून कुणी खाली शिरत नाही. चेसिसखाली घोडी लावतात. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला टाका मारीत नाहीत. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट असते, आणि हे आपल्या गावच्या वेल्डिंगवाल्यालाही कुणीतरी सांगायला पाहिजे.

हौस आपल्याकडेही आहे. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून बांधलेल्या, किक मारून सुरू होणाऱ्या छोट्या जीपगाडीची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. पण नियमात बसत नसल्याने ही गाडी कधीतरी रस्त्यावर अडविली जाईल, हेही त्यांनी त्याच वेळी म्हटले होते. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात चिखला-ओढ्यांतून गाड्या काढण्याची 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' स्पर्धा सुरू झाली. तिथे बदल केलेल्या जीप आणि जिप्सी उतरतात. स्पर्धेचे मैदान वेगळे, सार्वजनिक रस्ता वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पोरांना जीप उंच करायची हौस आली तर हे आधी त्यांच्या कानावर घालावे.

राहिला आपला फड. हंगामाच्या तोंडाला जमीन ओली असते आणि ट्रॉली रुतते. तेव्हा हाय सेकंडला रेस देऊन काही होत नाही, खड्डा मात्र खोल होतो. लो फर्स्ट घालावा. चाक फिरायला लागण्याच्या आधी, ट्रॅक्टर थांबलेला असताना डिफरन्शियल लॉक दाबावा आणि कमी रेसवर सावकाश ओढावे. चाक गरागरा फिरत असताना लॉक दाबला तर आतले दात जातात. वळायच्या आधी तो सोडावा. साखळी किंवा हूक मागच्या ॲक्सलपेक्षा उंचावर कधीही लावू नये. ओढ वरून बसली की पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटा येतो, सावरायला वेळ मिळत नाही. आणि रुबिकॉनवर एक पद्धत आहे ती आपल्या फडात आणावीच: गाडीपुढे चालून हाताने खुणा करणारा माणूस एकच असतो, आणि तो हात वर करील तेव्हा ड्रायव्हर जागच्या जागी थांबतो. आपल्याकडे ट्रॉली अडकली की सारी टोळी चारी बाजूंनी "घे, घे, डावीकडं घे, आरं उजवीकडं!" ओरडते, आणि ड्रायव्हर बिचारा ऐकतो तो सर्वांत मोठ्या आवाजाचे.