दृष्टांताचा काटा



कीर्तन-प्रवचने ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाला दृष्टांत नवा नाही. तरीही आज मी ख्रिस्ती प्रवचनांतील दृष्टांतांविषयी बोलणार आहे. मी ख्रिस्ती नव्हे आणि कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. इंग्लंडमधील शेतमजुरांना १८७२ साली संघटित करणारा जोसेफ आर्च हा मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार होता, असे वाचनात आले. पाळी सुटून घराकडे निघालेल्या दमल्या माणसांपुढे बोलावे कसे, ही माझी रोजची अडचण. म्हणून ही वाट मी धरली.

या परंपरेचे मूळ येशूच्या दाखल्यांत आहे. लूकच्या शुभवर्तमानात एक बाई येते. तिच्या दहा नाण्यांतले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, नाणे मिळेपर्यंत शोधत राहते आणि मिळाल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. देवाला एका चुकल्या माणसाचे मोल किती, हे सांगायला येशूने घरातली ही साधी घटना घेतली. ऐकणाऱ्या प्रत्येकीने कधी ना कधी असे घर झाडलेले होते.

पुढे तेराव्या शतकात ज्याक द व्हित्री नावाचा धर्मोपदेशक होऊन गेला. तो १२४० साली वारला. त्याने श्रोत्यांच्या व्यवसायांप्रमाणे प्रवचने रचली : व्यापाऱ्यांसाठी निराळी, शेतकऱ्यांसाठी निराळी, नोकरचाकरांसाठी निराळी. यात मोठे शहाणपण आहे. लबाडी एकच असली तरी धंद्यागणिक तिची तऱ्हा बदलते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चार्ल्स स्पर्जनने (१८३४–१८९२) या विषयावर आपल्या विद्यार्थ्यांना व्याख्यानेच दिली. तोही कॉलेजात न गेलेला. दृष्टांत ही प्रवचनाची खिडकी; तिच्यावाचून घराचा तुरुंग होतो, पण भारंभार खिडक्याही नकोत, असे त्याचे सांगणे होते.

म्हणजे दृष्टांत आटोपशीर असावा, ऐकणाऱ्याच्या घरादारातला असावा आणि त्याने एकच गोष्ट उजेडात आणावी. पण एवढ्याने भागत नाही. तो कोणाकडे बोट दाखवतो, हा खरा प्रश्न आहे. जुन्या करारात नाथान संदेष्टा दावीद राजाला एक गोष्ट सांगतो. श्रीमंताकडे कळपच्या कळप. गरिबाकडे एकच कोकरी, लेकीसारखी वाढवलेली. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपले जनावर राखून गरिबाची कोकरी कापली. राजा संतापला, त्या माणसाला मरणाचीच शिक्षा योग्य म्हणाला. तेव्हा नाथानने सांगितले की, तो माणूस तूच. दुसऱ्याची बायको राजाने बळकावली होती. प्रवचनाच्या इतिहासात यापेक्षा धीट दृष्टांत मला आढळला नाही.

आता माझी गोष्ट. एका कारखान्याच्या दारातील सभेत मी मापात पाप करणाऱ्या दुकानदाराचा दृष्टांत दिला. दिवसाकाठी चिमूटभर साखर कमी, वर्षाकाठी किती, असा हिशेब मांडला. हशा झाला, टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर एक वयस्क कामगार जवळ येऊन हळूच म्हणाले, “भाऊ, दुकानदाराचं झकास सांगितलंत. पण आम्ही दोन महिन्यांची वर्गणी दिली, तिची पावती अजून हातात पडली नाही.”

पैसे पेटीत सुरक्षित होते. मी आळसाने पावत्या फाडल्या नव्हत्या, इतकेच. पण घामाचा पैसा देणाऱ्याने ते कशावरून ओळखावे? त्या रात्री बसून सगळ्या पावत्या लिहिल्या. पुढच्या सभेत दुकानदाराला रजा दिली आणि स्वतःचीच गोष्ट सांगितली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दोघांनी थकलेली वर्गणी आपण होऊन आणून दिली.

तेव्हापासून एक नेम केला आहे. लोकांपुढे दृष्टांत मांडण्याआधी तो घरी एकट्याने स्वतःला सांगून पाहायचा. तराजूचा काटा प्रथम आपल्याकडे झुकतो का, ते बघायचे. झुकला, तर आधी आपले माप पुरे करायचे आणि मगच बोलायला उभे राहायचे.